माझी ना नाही

संध्याकाळी सहाची वेळ ठरली होती. सहा वाजून पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. लॅपटॉपच्या पडद्यावर माझाच चेहरा माझ्याकडे बघत बसलेला. साडेसहाला कंटाळून मी लॅपटॉप मिटला. थोडी रागावलेही. मुलगी वेळेची पक्की, न कळवता दांडी मारणाऱ्यांतली नव्हे.

दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला आणि त्यात राग होता तो तिचा. "ताई, काल तुम्ही शिकवणी रद्द केलीत. आज तरी आहे का?"

मी रद्द केली? मागे जाऊन पाहिलं. माझाच संदेश होता: "उद्या सहाला भेटू ना". घाईत लिहिलेला, प्रश्नचिन्ह गिळलेला. तिने तो एकेक शब्द सोडवत वाचला होता. उद्या. सहाला. भेटू. ना. आणि ‘ना’ म्हणजे काय, हे तिला शब्दकोशाने आधीच सांगून ठेवलं होतं: नकारार्थी अव्यय.

ही माझी विद्यार्थिनी ग्रीक. मराठी कशासाठी शिकतेस, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं तेव्हा "आवडते म्हणून" एवढंच म्हणाली, आणि मला ते पुरलं. व्याकरण तिचं चोख. अनेकदा माझ्याहून चोख, कारण मी मराठी बोलते आणि ती मराठी तपासते. मी तिला समजावायला गेले, "अगं, इथे ‘ना’ म्हणजे नाही नाही." म्हटलं आणि तिथेच अडकले. आता हे ‘नाही नाही’ कसं समजावणार?

त्या दिवसाचा धडा बाजूला राहिला. तासभर आम्ही एका अक्षराभोवती फिरत होतो.

‘येशील का?’ आणि ‘येशील ना?’ यांत फरक काय, असा तिचा प्रश्न. मला वाटलं, सोपं आहे. पहिल्यात मला उत्तर माहीत नाही. दुसऱ्यात मला उत्तर माहीत आहे, किंवा हवंय, आणि ते तुझ्या तोंडून ऐकायचंय. त्यात थोडी धाकधूकही असते. ‘औषध घेतलंस का?’ ही चौकशी झाली. ‘औषध घेतलंस ना?’ यात विचारणाऱ्याचा जीव अडकलेला असतो. मग ‘ऐक’ आणि ‘ऐक ना’. पहिलं आज्ञार्थी, दुसरंही व्याकरणाने आज्ञार्थीच, पण दुसऱ्यात आज्ञा देणारा गुडघ्यावर बसलाय. ‘जा ना’ तर सुरावर लटकलेलं: एका सुरात विनवणी, दुसऱ्या सुरात ‘तोंड काळं कर’. ‘हो ना’ म्हणजे हो. ‘नाही ना!’ म्हणजे नाहीच, वर हळहळ. आणि लहान मुलं गोष्ट सांगताना ‘मी ना, काल ना, तिथे ना’ करत जातात, तिथे ‘ना’चा अर्थ काढायला बसलं तर हातात काही लागत नाही. दर दोन शब्दांनंतर समोरच्याची बाही ओढून बघायची: ऐकतोयस?

तिने वहीत ‘ना’साठी वेगळं पान केलं. पुढच्या महिन्याभरात त्याची तीन पानं झाली, आणि ती भरण्यात मलाच जास्त मजा येऊ लागली. ‘कधी ना कधी’, ‘कुठे ना कुठे’: दिसायला नकार, अर्थ मात्र ‘नक्की कधीतरी, नक्की कुठेतरी’. ‘ना धड इकडे ना धड तिकडे’: इथे नकारच, तोही जोडीने. ‘त्यांना’, ‘मुलांना’: हा तर प्रत्यय, नकाराशी त्याचं काही देणंघेणं नाही. ‘सुचेना’, ‘करवेना’, ‘तो काही केल्या ऐकेना’: शेपटाला चिकटलेला ‘ना’, आणि पक्का नकार. म्हणजे ‘ऐक ना’ ही विनवणी आणि ‘ऐकेना’ हा विनवणी फुकट गेल्याचा अहवाल. त्यावर ‘का’ लावला की पुन्हा सगळं उलटं. ‘येईना का’, ‘असेना का’ म्हणजे येऊ दे की, असू दे की, माझं काय जातं! हे तिला पटवताना माझी दमछाक झाली. नकाराच्या प्रत्ययाला प्रश्नार्थक शब्द जोडून परवानगी तयार होते, हे मलाही आजवर कधी जाणवलं नव्हतं.

आणि मग ‘माझी ना नाही’. यात ‘ना’ चक्क नाम झालाय, स्त्रीलिंगी नाम, आणि ती माझ्याकडे नाही. दोन नकार शेजारी ठेवून होकार द्यायचा, पण ‘हो’ म्हणायचं टाळायचं. मनापासून संमती असेल तर माणूस असं बोलत नाही. संमती द्यावी लागते तेव्हा असं बोलतो. सरकारी कागदावर याचंच ‘ना हरकत प्रमाणपत्र’ होतं.

परीक्षा म्हणून मी तिला एक वाक्य करून दिलं: "नानांना ‘ना’ म्हणवेना ना!" नाना हे कुणी वडीलधारे, त्यांच्यामागे ‘ला’च्या जागी आलेला ‘ना’, मग नकार असलेला ‘ना’, मग ‘म्हणू शकलो नाही’ यातल्या असमर्थतेचा ‘ना’, आणि शेवटचा, ऐकणाऱ्याकडून समजून घेण्याची भीक मागणारा. तिने ते वाक्य पाच रंगांच्या पेनांनी लिहून काढलं आणि मला फोटो पाठवला. खाली टीप: "मराठी लोक एकमेकांना समजतात, हे आश्चर्य आहे."

आश्चर्य तिच्याही घरात होतं. ग्रीक भाषेत ‘ना’ आहे, आणि नकाराशी त्याची ओळखदेखील नाही. एक ‘ना’ बोट दाखवतो: ‘ना तो’ म्हणजे ‘हे बघ, इथे आहे’. हरवलेली किल्ली सापडली की तोंडून निघणारा. दुसरा ‘ना’ क्रियापदाच्या पुढ्यात येऊन बसतो. ‘थेलो ना पाओ’, म्हणजे मला जायचंय. थेलो म्हणजे मला हवंय, पाओ म्हणजे मी जाणं, आणि मधला ‘ना’ त्या दोघांची गाठ मारून देतो. ती म्हणाली, "आमच्याकडे ‘ना’ ऐकला की पुढे येणाऱ्या क्रियापदाची वाट बघायची. तुमच्याकडे ‘ना’ येतो तेव्हा क्रियापद होऊन गेलेलं असतं." मी मनात म्हटलं, आता तूच मला शिकव.

खरी पंचाईत मात्र ‘ने’ची होती. ग्रीकमध्ये होकाराला ‘ने’ म्हणतात. (नकाराला म्हणतात ‘ओही’. म्हणजे न-वाला हो आणि हो-सारखा नाही. ही थट्टा कुणी मुद्दाम केली असती तर आपण तिला बालिश म्हटलं असतं.) पहिले दोन महिने मी काही समजावलं की ती मान हलवत "ने, ने" म्हणायची. माझं डोकं सांगायचं, हिला पटतंय. कान सांगायचे, ही नाही म्हणतेय. आणि ‘नेणे’ क्रियापद शिकवलं त्या दिवशी तिसरीच गंमत झाली. "ने म्हणजे घेऊन जा," मी म्हटलं. "ने," ती म्हणाली. "काय नेऊ?" मी विचारलं. तिला विनोद कळायला दोन मिनिटं लागली, मग हसू आवरायला पाच.

हे सगळं चालू असताना मला यास्काची आठवण झाली. वेदांतल्या अवघड शब्दांची उकल करणारा ‘निरुक्त’ हा त्याचा ग्रंथ, इसवी सनाच्या कितीतरी आधीचा. त्याच्या पहिल्याच अध्यायात हा प्राचीन माणूस नेमक्या आमच्याच प्रश्नाशी झटतोय. तो म्हणतो, ‘नेति प्रतिषेधार्थीयो भाषायाम्, उभयमन्वध्यायम्’. बोलभाषेत ‘न’ नकार दाखवतो, वेदात मात्र दोन्ही. दोन्ही म्हणजे नकार आणि उपमा. ‘नेन्द्रं देवममंसत’, इंद्राला त्यांनी देव मानलं नाही: हा नकार. ‘दुर्मदासो न सुरायाम्’, सुरा पिऊन झिंगलेल्यांसारखे: हा ‘न’ म्हणजे ‘सारखे’. तोच ध्वनी, तोच ऋग्वेद, आणि एकदा ‘नाही’ तर एकदा ‘जणू’.

मग वाचणाऱ्याने ओळखायचं कसं? यास्काची खूण साधी आहे. ज्याचा नकार करायचा त्याच्या आधी आला तर नकाराचा, ज्याची उपमा द्यायची त्याच्या मागून आला तर उपमेचा. शब्दाचं सगळं इंगित त्याच्या बसण्याच्या जागेत. हे वाचून मी आमची तीन पानं पुन्हा काढली. ‘ना बोलला, ना हसला’ आणि ‘बोल ना, हस ना’. आधी आला तर नकार, मागून आला तर आर्जव. हजारो वर्षांनंतर मराठीनेही जागेचीच युक्ती वापरलेली. नियम पूर्ण लागू होत नाही, ‘ऐकेना’ आडवा येतोच. पण यास्कालाही अपवाद भेटले असतील, अशी मी माझी समजूत घालून घेतली.

नकार आणि उपमा यांचं नातं मला तेव्हापासून सोडत नाही. ‘हा माणूस नव्हे, वाघ आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा एका हाताने नाकारून दुसऱ्या हाताने उपमाच देत असतो. वेदातला ‘न’ याच वाटेने नकाराकडून उपमेकडे गेला असावा, असं काही अभ्यासक मानतात. मला ते पटतं, कारण ‘सारखा’ या शब्दातच ‘तो नाही’ हे कबूल केलेलं असतं. चेहरा चंद्रासारखा म्हणायचा तर तो चंद्र नसायला हवा. जाता जाता आठवलं: १२९० सालच्या ज्ञानेश्वरीत ‘नातरी’ हा शब्द ‘किंवा’ या अर्थाने येतो, आणि एका दृष्टान्तावर दुसरा रचताना तो हमखास भेटतो. तो वेदातल्या उपमेच्या ‘न’चा वंशज नव्हे. ‘ना तरी’ म्हणजे सरळ ‘नाही तर’. पण उपमांच्या रांगेत पुन्हा एक ‘ना’ उभा दिसला की मला उगीचच बरं वाटतं.

नकाराचा ‘न’ आपल्या एकट्याचा नाही, हे तर शाळेतही कुणीतरी सांगितलेलं असतं. संस्कृतचा ‘न’, फारसीचा ‘न’ आणि ‘ना’, रशियनचा ‘न्ये’, लॅटिनचा ‘ने’, इंग्रजीचा ‘नो’ ही एकाच कुळातली भावंडं. फारसीतला ‘ना’ आपण नापसंत, नालायक, नाइलाज करत इतका मुरवला की क्रिकेटमध्ये फलंदाज ‘नाबाद’ राहतो तेव्हा तो फारसी उपसर्गाच्या आधाराने उभा आहे हे कुणाच्या गावीही नसतं. मला जास्त भावते ती रशियनची ‘न्येत’. या छोट्या शब्दात ‘न’ आणि ‘आहे’ दडलेले आहेत, आणि ‘इथे’चा एक अवशेषही. ‘इथे नाही आहे’. संस्कृत ‘नास्ति’ची घडण अशीच, आपल्या ‘नाही’तही ‘न’ला ‘असणं’ चिकटलेलं, आणि ‘नव्हे’त ‘होणं’. नकार करण्यासाठीसुद्धा आधी ‘आहे’ म्हणावं लागतं.

मग हा ‘न’च का? डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन याने १९१७ साली नकारावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्याने अंदाज मांडला की हा आद्य नकार मुळात किळसेचा उद्गार असावा, नाकाचे स्नायू आक्रसताना निघालेला. येस्पर्सनला मराठी येत असती तर तो आनंदाने नाचला असता, कारण आपण नापसंतीला ‘नाक मुरडणं’च म्हणतो. कल्पना मोहक आहे. पण तिच्यावर माझा विश्वास नाही. कोरियन माणूस आदराने होकार देताना ‘ने’ म्हणतो. ग्रीक बाई ‘ने’ म्हणते. दोघांच्याही नाकाला काही झालेलं नसतं.

येस्पर्सनचं दुसरं निरीक्षण मात्र पक्कं आहे, आणि ते छोट्या शब्दांच्या दुबळेपणाबद्दल आहे. ‘न’ इतका लहान की बोलण्याच्या ओघात तो ऐकूच येईनासा होतो. मग त्याला टेकू द्यावा लागतो. हळूहळू टेकूच खांब होतो आणि मूळचा खांब पडतो. फ्रेंचमध्ये नकाराचा ‘न’ एकटा पुरेना, म्हणून त्याच्या सोबतीला ‘पा’ आला. ‘पा’ म्हणजे पाऊल. एक पाऊलही चालत नाही, अशा वाक्यांतला. मग तो पाऊल नसलेल्या वाक्यांतही शिरला. आज बोलताना फ्रेंच लोक कितीदा ‘न’ सोडूनच देतात आणि एकटा ‘पा’ नकाराचं काम करतो. बिचाऱ्या पावलाने कुणाला कधी ‘नाही’ म्हटलं होतं?

माझ्या विद्यार्थिनीला हे सांगितलं तर ती म्हणाली, आमचं तर याहून वाईट. प्राचीन ग्रीकमध्ये ‘ऊदेन’ म्हणजे ‘काहीही नाही’. त्यातला ‘ऊ’ हा खरा नकार. काळाच्या ओघात तोच गळून पडला आणि उरलेला ‘देन’ आज क्रियापदासमोर उभा राहून ‘नाही’ म्हणतो. चोर पळाला आणि साक्षीदाराला तुरुंगात टाकलं, असं आहे हे. मराठीत अजून ‘अजिबात’ला ‘नाही’ची सोबत लागते. उद्या ‘नाही’ झिजला आणि ‘अजिबात’ एकटाच राहिला तर? भाषेच्या बाबतीत काहीही सांगता येत नाही.

आमच्या ‘ना’च्या वहीला या सुमारास पाय फुटले. तिच्या मैत्रिणी, माझे ओळखीचे, जो कुणी दुसरी भाषा बोलतो त्याला विचारायचं: तुमच्यात ‘ना’ आहे का? सगळ्यांच्यात होता. कोकणीत तो मराठीच्या इतक्या जवळ की ठेच लागावी. ‘म्हाका खबर ना’ हे मराठी कान ‘मला ठाऊक आहे ना’ असं ऐकू पाहतात, आणि कोकणी माणूस सांगत असतो की ठाऊक नाही. बंगालीत ‘बोलबो ना’ म्हणजे सांगणार नाही, ‘बोलो ना’ म्हणजे सांग ना. ही बहीण लगेच ओळखू आली. तेलुगूत ‘ना’ म्हणजे माझा, माझी, माझं. अरबीत शब्दाच्या शेवटी लागणारा ‘ना’ म्हणजे आमचा. ‘मौलाना’ या शब्दात तो आपण रोज ऐकतो: मौला म्हणजे स्वामी, ‘ना’ म्हणजे आमचे. कोरियनमध्ये ‘ना’ म्हणजे मी.

स्वाहिलीतला ‘ना’ मला सगळ्यांत उदार वाटला. त्याचा अर्थ ‘आणि’, त्याचाच अर्थ ‘सोबत’. ‘मिमी ना वेवे’, मी आणि तू. स्वाहिलीत ‘माझ्याकडे आहे’ असं थेट म्हणायला वेगळं क्रियापद लागत नाही. ‘नि’ म्हणजे मी, त्याला ‘ना’ जोडला की ‘निना’, मी-सोबत, म्हणजेच माझ्याकडे आहे. आपण ज्या ध्वनीने तोडतो त्याने ते जोडतात. आणि रशियनमध्ये, जिथे ‘न्ये’ नकार आहे, तिथेच ‘ना’ म्हणजे ‘वर’, आणि काही पुढे करताना नुसतं ‘ना!’ म्हटलं तर ‘घे!’. चिनी भाषेत तर सुरांवर खेळ: चढत्या सुरातला ‘ना’ म्हणजे घेणं, उतरत्या सुरातला म्हणजे ‘तो’, आणि खाली जाऊन वर येणारा म्हणजे ‘कुठला?’. ‘तो’ आणि ‘कुठला’ यांना लिहायला एकेकाळी एकच चिन्ह होतं. पुढे प्रश्नार्थकाला वेगळं काढण्यासाठी चिन्हाच्या कडेला एक छोटं तोंड काढलं. प्रश्न विचारायला तोंड लागतं, हे त्यांनी अक्षरश: लिहून ठेवलं.

जर्मन लोक भेटल्यावर एकजण ‘ना?’ म्हणतो, दुसरा ‘ना’ म्हणतो, आणि तेवढ्यात क्षेमकुशल विचारून होतं. फिलिपिन्समधल्या टॅगालोग भाषेत ‘ना’ म्हणजे ‘झालंच, आता’. त्यात आमचं लक्ष भलतीकडेच गेलं, कारण टॅगालोगमध्ये नकाराला ‘हिंदी’ म्हणतात. खरंच.

इतके सगळे अर्थ एकाच ध्वनीला कसे, याचं उत्तर तसं रुक्ष आहे. जगात सात हजारांच्या आसपास भाषा मोजल्या जातात, आणि तोंडाला सोपी अक्षरं हाताच्या बोटांवर नाहीत तरी फार नाहीत. हवाईच्या भाषेत व्यंजनं आठ, स्वर पाच. ऱ्हस्व-दीर्घ बाजूला ठेवले तर एका व्यंजनाला एक स्वर जोडून चाळीसच अक्षरं होतात. ‘ना’सारखं सोपं अक्षर कुठली भाषा रिकामं ठेवेल? म्हणून ते प्रत्येकीने वापरलं, आणि प्रत्येकीने आपल्याला हवं तसं.

रुक्ष उत्तर ऐकून आम्ही दोघी जरा हिरमुसलो होतो, तेवढ्यात हवाईनेच आम्हाला खुलवलं. ‘ना केइकी’ म्हणजे ती मुलं. केइकी म्हणजे मूल, आणि ‘ना’ लागला की अनेकवचन. मग आयरिश पाहिली. ‘ना पाश्ची’ म्हणजे ती मुलं. तिथेही ‘ना’ लागला तो अनेकवचनाचं उपपद म्हणून. एक भाषा प्रशांत महासागराच्या मधोमध, दुसरी युरोपच्या पश्चिम टोकाला. दोघींचं कूळ वेगळं. ध्वनी एक, काम एक, आणि नातं शून्य. भाषाशास्त्रज्ञ अशा जुळण्यांना भुलू नका म्हणून बजावतात, आणि बरोबरच बजावतात. दोन शब्द सारखे दिसले की ते सख्खे असावेत असं वाटणं हा फसायचा राजमार्ग आहे. तरी त्या रात्री मी ‘ना केइकी, ना पाश्ची’ असं पुन:पुन्हा म्हणत होते. मराठी कानाला ते ‘ना हे, ना ते’सारखं ऐकू येत होतं.

जपानीने आम्हाला सर्वांत जास्त छळलं. ‘इकु ना’ म्हणजे जाऊ नकोस. ‘इकि ना’ म्हणजे जा की. एक स्वर इकडचा तिकडे, आणि जाणारा थांबतो किंवा थांबलेला निघतो. वर वाक्याच्या शेवटी येणारा ‘ने’, तो मात्र थेट आपला ‘ना’. ‘आत्सुई ने’, उकडतंय ना? थाईतही वाक्याच्या शेवटी उंच सुरातला ‘न’ लावला की बोलणं मऊ होतं, विनंती होते. सूर बदलला किंवा स्वर लांबला तर शेत, चेहरा, आईचं धाकटं भावंड, असे भलतेच अर्थ निघतात, पण शेवटच्या जागेवर तो आर्जवी. जपानी, थाई, बंगाली, मराठी: वाक्य संपताना समोरच्याकडे एकदा बघून घ्यायची ही सवय इतक्या लांब लांब लोकांना का असावी? इथे मी योगायोग म्हणून गप्प बसते, पण जरा जड मनाने.

आणि मग हिब्रू.

बायबलच्या जुन्या करारात, गणना नावाच्या पुस्तकात, मोशेची बहीण मिर्याम हिला त्वचेचा रोग होतो. मोशे तिच्यासाठी देवाकडे मागणं मागतो. मागणं मूळ हिब्रूत पाच शब्दांचं आहे: ‘एल ना, रफा ना ला’. एल म्हणजे देव. रफा म्हणजे बरं कर. ला म्हणजे तिला. उरलेले दोन्ही शब्द ‘ना’. हिब्रूचे व्याकरणकार या ‘ना’बद्दल एकमताचे नाहीत. कुणाला त्यात कळकळीची विनंती दिसते, कुणाला नुसता बोलण्याचा जोर. आपल्या ‘ना’शी त्याचं कुळाचं नातं नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे, आणि दोन परिच्छेदांपूर्वी मीच अशा जुळण्यांना भुलू नका म्हणून सांगून बसले आहे. पण ते वाक्य मराठीत आणायला मला एक क्षणही लागला नाही. देवा ना, बरं कर ना तिला. शब्दाला शब्द, ‘ना’ला ‘ना’.

आई आजारी होती तेव्हा मी एक रात्र बाकावर बसून काढली. देवाशी माझं फारसं बोलणं नाही. तरी मी रात्रभर कुणाला तरी हेच सांगत होते, आणि आठवतंय ते एवढंच की प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘ना’ होता. समोर कुणी नव्हतं. पण ‘ना’ म्हटल्यावर कुणीतरी असल्यासारखं वाटतं, तेवढ्यासाठी तो लावत असेन. हे मी विद्यार्थिनीला सांगितलं नाही. वहीत हिब्रूचा ‘ना’ लिहून घेताना तिने विचारलं, "हा कुठल्या रंगाने लिहू?" मी म्हटलं, नानांच्या वाक्यातल्या शेवटच्या ‘ना’चा जो रंग होता, त्याच रंगाने लिही.

मध्यंतरी तिचं काम वाढलं आणि शिकवणी थांबली. दोनेक महिने काही निरोप नव्हता. मग गेल्या आठवड्यात आला, न चुकता लिहिलेला, प्रश्नचिन्हासकट: "ताई, पुढच्या महिन्यापासून पुन्हा शिकवाल ना?"

मला तिला तिच्याच भाषेत उत्तर द्यावंसं वाटलं. म्हणून देवनागरीत एवढंच लिहिलं: "ने."

बराच वेळ दोन निळ्या खुणा दिसत राहिल्या. मग तिचं उत्तर आलं.

"काय नेऊ?"